क्यूजीआयएसमधली अनोळखी साधने आणि ती वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम

क्यूजीआयएस हे मुक्तस्रोत नकाशा-सॉफ्टवेअर शिकवताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. पाणलोटाचे काम करणारा कार्यकर्ता किंवा भूगोलाची संशोधक विद्यार्थिनी कित्येक वर्षे हे सॉफ्टवेअर वापरत असते, त्यावर गावाचे आराखडे आणि प्रबंधातले नकाशे तयार करत असते, आणि तरीही ज्या साधनामुळे तिचे रोजचे निम्मे कष्ट वाचले असते ते त्याच खिडकीत, एका टिचकीच्या अंतरावर आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. "लोक मॅन्युअल वाचत नाहीत" असे यावर सहज म्हटले जाते. मला ते पटत नाही. क्यूजीआयएसचे मॅन्युअल चांगले आहे आणि अनेक जण ते वाचतातही; परंतु आपल्याला जे हवे आहे त्याला या सॉफ्टवेअरमध्ये काय म्हणतात हेच ज्याला माहीत नाही, त्याने मॅन्युअलमध्ये नेमके काय शोधायचे?

साधनांची ही गर्दी झाली कशी, हे आधी समजून घेतले पाहिजे. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला तेव्हा पोस्टजीआयएस या भौगोलिक डेटाबेसमधली माहिती पडद्यावर पाहता यावी एवढाच माफक हेतू होता. १.० ही आवृत्ती २००९ मध्ये आली, २०१३ च्या २.० पासून 'क्वांटम जीआयएस' हे लांब नाव जाऊन 'क्यूजीआयएस' एवढेच उरले, आणि २०१८ मध्ये आलेल्या ३.० ने आतली बरीच रचना नव्याने मांडली. साधारण दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि वर्षातून एक आवृत्ती दीर्घकाळ सांभाळण्यासाठी निवडली जाते. प्रत्येक आवृत्तीत नव्या सोयी येतात, त्यांची सचित्र यादीही प्रसिद्ध होते, आणि पुढची यादी आली की आधीची मागे पडते. त्यातच या सॉफ्टवेअरच्या टूलबॉक्समध्ये, म्हणजे साधनांच्या पेटीत, इतर नकाशा-सॉफ्टवेअरची घरेही नांदत आहेत: फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेले जीडीएएल आणि अमेरिकी लष्कराच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात जन्मलेले ग्रास. शेकडो साधने वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी आपापली गरज भागवण्यासाठी लिहिली आणि सर्वांसाठी खुली केली. हे औदार्य फार मोठे आहे. मात्र गावाचा नकाशा काढणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, त्या क्रमाने ही साधने मांडण्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती, आणि आजही नाही.

त्यामुळे ती जबाबदारी आपण घ्यायला हवी, आणि ती घ्यायची तर साधनांची यादी हाती घेऊन सुरुवात करण्यात अर्थ नाही. सुरुवात समोरच्या माणसाचा हात काय करतो आहे हे पाहण्यापासून व्हायला हवी.

गाव नकाशावरून गटांच्या हद्दी आखण्याचे उदाहरण घेते, कारण महाराष्ट्रात क्यूजीआयएस वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांची पहिली ओळख याच कामातून होते. स्कॅन केलेला नकाशा जागेवर बसवलेला असतो. एका गटाचा पॉलिगॉन, म्हणजे बंद आकृती, काढून होतो. शेजारचा गट काढताना दोघांमध्ये एकच बांध असतो, म्हणजे ती रेघ आधीच काढलेली असते. परंतु नवशिका माणूस त्या बांधाच्या प्रत्येक वळणावर पुन्हा टिचकी मारत जातो. हात थोडा जरी हलला तरी दोन गटांमध्ये कुठे बारीक फट पडते, तर कुठे एक गट दुसऱ्यावर चढतो. पडद्यावर हे दिसत नाही, पण क्षेत्रफळांची बेरीज करायला बसले की गाव सातबाऱ्यातल्या एकूण क्षेत्राशी जुळत नाही. अशा वेळी मी फक्त स्नॅपिंगचा, म्हणजे नवा बिंदू आधीच्या रेघेला चिकटवण्याचा, टूलबार उघडून देते. टूलबारच्या रिकाम्या जागेवर उजवी टिचकी मारली की सगळ्या टूलबारची यादी येते आणि त्यात स्नॅपिंगवर खूण करायची असते. मग कीबोर्डवरचे 'एस' दाबले की स्नॅपिंग चालू होते आणि 'टी' दाबले की ट्रेसिंग. आता सामाईक बांधाच्या सुरुवातीला एक आणि शेवटाला एक, अशा दोनच टिचक्या मारायच्या. मधली सगळी वळणे जुन्या रेघेवरून जशीच्या तशी उचलली जातात. त्याच टूलबारवर एकमेकांवर चढलेला भाग टाळण्याचा पर्यायही आहे. तो चालू ठेवला की नवा पॉलिगॉन मुद्दाम थोडा शेजारच्या गटात शिरवून काढला तरी चालतो, कारण आगाऊ गेलेला भाग आपोआप कापला जातो आणि हद्द नेमकी चिकटून बसते.

हे दाखवायला दोन मिनिटे पुरतात, आणि ज्याने आदल्या दिवशी वीस-तीस गट हाताने आखले आहेत तो माणूस हे आयुष्यात विसरत नाही. हेच ट्रेसिंग पहिल्याच दिवशी 'डिजिटायझिंगची साधने' या प्रकरणात शिकवले तर वहीत एक ओळ उतरते आणि तिथेच राहते. म्हणून मी आता ते आधी शिकवत नाही. चार-पाच गट हाताने काढू देते, बांधावरची ती दुहेरी मेहनत बोटांना जाणवू देते आणि मग साधनाचे नाव घेते.

क्यूजीआयएस सुरू होताना एखादी सूचना दाखवणारी छोटी चौकटही या सॉफ्टवेअरने वापरून पाहिली आहे. हेतू चांगला होता आणि त्यातल्या काही सूचना खरोखर उपयोगी होत्या. परंतु सॉफ्टवेअर उघडणाऱ्याच्या मनात त्या क्षणी त्याचे स्वतःचे काम असते. त्याला कालची फाइल उघडायची असते. तेव्हा आलेली सूचना कितीही मोलाची असली तरी ती वाटेत येते, आणि पुन्हा न दाखवण्याच्या चौकोनावर खूण करून तो पुढे जातो. वापरणाऱ्याच्या उदासीनतेपेक्षा चुकलेल्या वेळेचा दोष मला यात अधिक दिसतो.

मग योग्य वेळी कोणी शेजारी नसेल तर काय करावे? यासाठी मी सर्वांना एक सवय लावायचा प्रयत्न करते, ती म्हणजे कंट्रोल आणि के. खिडकीच्या खाली डाव्या कोपऱ्यात शोधाची एक लहानशी पट्टी असते, तिला लोकेटर म्हणतात, आणि ३.० पासून ती तिथे आहे. तरी नजर नकाशावर खिळलेली असल्यामुळे ती कोणाला दिसत नाही. तिच्यात साधनाचे नाव टाकले की मेनूमध्ये कुठे दडले आहे ते न शोधता साधन थेट उघडते. आधी 'एल' आणि मोकळी जागा देऊन लेयरचे, म्हणजे नकाशावरच्या माहितीच्या एखाद्या थराचे, नाव टाकले की चाळीस लेयरच्या प्रकल्पातही हवा तो लेयर सापडतो. 'ए' दिल्यास फक्त टूलबॉक्समधली साधने शोधली जातात. बरोबरचे चिन्ह देऊन आकडेमोड करता येते. आणि 'गो' लिहून अक्षांश-रेखांश दिले की नकाशा त्या ठिकाणी जाऊन थांबतो. शिवारफेरीत फोनवर टिपून घेतलेल्या विहिरीच्या जागा तपासताना या शेवटच्या सोयीचा केवढा उपयोग होतो, हे ज्याने एकेक बिंदू हाताने शोधला आहे त्यालाच कळेल.

तरीही शोधपट्टीला शब्द द्यावा लागतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. एका गावाचे सगळे गट एकत्र करून गावाची बाहेरची हद्द मिळवायची, हे अगदी नेहमीचे काम आहे. ते करू पाहणारा माणूस बहुधा 'मर्ज' असा शब्द टाकतो. लगेच डोळ्यांत भरते ते 'मर्ज व्हेक्टर लेयर्स', आणि ते साधन तर वेगवेगळे लेयर एका लेयरमध्ये घालते, आतल्या हद्दी मात्र तशाच ठेवते. काम झाले नाही म्हणून तो आणखी दोन-तीन साधने चाळतो आणि शेवटी हाताने कडेकडेने हद्द काढायला बसतो. त्याला हवे असलेले साधन 'डिझॉल्व्ह' या नावाखाली बसलेले असते. गावाच्या नावाचा रकाना निवडून ते चालवले की एका तालुक्यातल्या सर्व गावांच्या हद्दी एकदम तयार होतात.

क्यूजीआयएस बनवणाऱ्यांना ही अडचण माहीत आहे, आणि त्यांनी तिच्यावर केलेला उपाय मला अतिशय आवडतो. टूलबॉक्समधल्या प्रत्येक साधनाला नावाखेरीज काही शोधशब्द जोडता येतात. हे शब्द पडद्यावर कुठेही दिसत नाहीत, पण शोधताना ते विचारात घेतले जातात. त्यामुळे 'कम्बाइन' असे लिहिणाऱ्यालाही 'डिझॉल्व्ह' सापडू शकते आणि 'रिपेअर' असे लिहिणाऱ्यालाही बिघडलेले आकार दुरुस्त करणारे 'फिक्स जॉमेट्रीज' मिळते. दुसऱ्या सॉफ्टवेअरची सवय असलेला माणूस तिथले नाव वापरतो, म्हणून तशी नावेही या शब्दांत घालता येतात. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही इथे हातभार लावता येतो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. अमुक साधन शोधताना माझे विद्यार्थी तमुक शब्द टाकतात, असे गिटहबवर, म्हणजे क्यूजीआयएस बनवणाऱ्यांचे काम जिथे चालते त्या संकेतस्थळावर, नीट मांडून कळवणे हे पुरेसे योगदान आहे. एका शब्दाची भर पडते आणि जगभरातल्या कोणाला तरी साधन सापडते. शिवाय हे शोधशब्द भाषांतरासाठीही खुले असतात. क्यूजीआयएसचे भाषांतर ट्रान्सिफेक्स या संकेतस्थळावर चालते आणि तिथे काम करणाऱ्याच्या समोर साधनाच्या नावाबरोबर हे शब्दही येतात. मराठीत ते भरताना कोशातला एकच प्रतिशब्द ठेवून थांबू नये. गट जोडणे, हद्द काढणे, बांध मिटवणे असे जे शब्द शेतात आणि कार्यालयात बोलले जातात ते सगळे स्वल्पविरामाने तिथे लिहून ठेवता येतील.

काही साधने मात्र वापरणाऱ्याने शोधलेलीच नसतात, कारण आपल्याला त्यांची गरज आहे हे त्याला कळलेलेच नसते. याचे सर्वांत गंभीर उदाहरण क्षेत्रफळाचे आहे. फील्ड कॅल्क्युलेटर या आकडेमोडीच्या चौकटीत क्षेत्रफळ काढायच्या दोन वाटा आहेत. एका वाटेने आकार ज्या निर्देशांक-पद्धतीत साठवलेला आहे तिच्या सपाट प्रतलावर गणित होते. डॉलरचे चिन्ह पुढे असलेले 'एरिया' वापरल्यास प्रकल्पात निवडलेल्या लंबगोलाभावरून, म्हणजे पृथ्वीच्या वक्रतेचा विचार करून, गणित होते. लेयर वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या निर्देशांक-पद्धतीत, असेल आणि पहिली वाट धरली, तर १९ अंश अक्षांशाच्या आसपास क्षेत्रफळ सुमारे १२ टक्के जास्त येते. एक हेक्टरची जमीन कागदावर एक हेक्टर बारा आर होते. पडद्यावर काहीही लाल होत नाही, कोणताही इशारा येत नाही, आणि तोच आकडा अहवालात जातो. त्याच चौकटीच्या उजव्या बाजूला निवडलेल्या फंक्शनचा खुलासा दिसतो आणि हा फरकही तिथे सांगितलेला आहे, पण ती बाजू वाचण्याची सवय बहुतेकांना नसते. माझ्या मते क्यूजीआयएसमधले सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे ही खुलाशाची उभी पट्टीच होय. कोणतेही फंक्शन निवडले की आधी उजवीकडे पाहायचे आणि मग खाली येणारे नमुना-उत्तर पाहायचे, एवढी शिस्त लागली तरी बरेच काही आपोआप सापडत जाते. आपल्याकडे आणखी एक भान ठेवावे लागते. यूटीएम ही निर्देशांक-पद्धत पृथ्वीचे उभे पट्टे पाडते; महाराष्ट्राचा बहुतेक पश्चिम आणि मध्य भाग तिच्या ४३ व्या पट्ट्यात येतो, तर ७८ रेखांशाच्या पूर्वेकडचा, म्हणजे नागपूरसह विदर्भाचा मोठा भाग, ४४ व्या पट्ट्यात येतो. पुण्यात तयार केलेला प्रकल्प तसाच उचलून नागपूरला वापरणे म्हणूनच बरोबर नाही.

कधी साधन ओळखीचे असते, पण त्याची जागा बदलते. नकाशा जागेवर बसवणारा जिओरेफरन्सर पूर्वी रास्टर मेनूमध्ये होता. ३.२६ पासून तो रेघा आणि पॉलिगॉनही बसवू लागला आणि म्हणून लेयर मेनूमध्ये आला. बदल योग्यच होता, मात्र जुन्या चित्रफिती पाहून शिकणाऱ्यांची त्यामुळे अडचण होते. ग्रासच्या साधनांचेही तसेच आहे. काही संगणकांवर प्लगिनच्या, म्हणजे जोड-सुविधांच्या, यादीत ग्रास चालू केलेले नसते, त्यामुळे टूलबॉक्समध्ये तो गट दिसतच नाही आणि माणूस समजतो की आपल्या आवृत्तीत हे काम होत नाही. पाणलोटाच्या हद्दी काढून देणारे 'आर.वॉटरशेड' त्याच गटात आहे. तिथे पाणलोटाचा किमान आकार उंचीच्या माहितीतल्या चौकोनांच्या संख्येत द्यावा लागतो आणि बहुतेक जण तिथेच अडतात. ३० मीटरच्या उंचीच्या माहितीत एक चौकोन साधारण ९०० चौरस मीटरचा असतो, म्हणून ५०० हेक्टरच्या आसपासचे सूक्ष्म पाणलोट हवे असतील तर साडेपाच हजारांच्या जवळपासची संख्या देऊन पाहावी आणि प्रत्यक्ष नाल्यांशी ताडून ती कमीजास्त करावी. हे एक वाक्य सांगितले नाही तर साधन सापडूनही हाती काही लागत नाही.

गाव पातळीवर या सॉफ्टवेअरची ताकद किती आहे हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने पाण्याच्या ताळेबंदाचे प्लगिन क्यूजीआयएसवरच तयार केले. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात क्यूजीआयएसचे पाठही आहेत. पहिली पायरी चढायला आपल्याकडे साहित्य आहे. सहा महिने काम केलेल्या माणसाला पुढचे साधन कोण दाखवणार, ही जागा मात्र रिकामी आहे.

ती भरण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेला मार्ग क्यूजीआयएसमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये यूझर प्रोफाइल्स नावाची सोय आहे. एका कामासाठी एक प्रोफाइल तयार करायचे, त्यात लागणारे टूलबार समोर आणायचे, न लागणारे मिटवायचे, शॉर्टकट ठरवायचे, आवश्यक प्लगिन बसवायचे, आणि प्रोफाइलचा तो फोल्डर प्रशिक्षणार्थींच्या संगणकावर ठेवायचा. गट आखणाऱ्यांच्या प्रोफाइलमध्ये स्नॅपिंग आणि ॲडव्हान्स्ड डिजिटायझिंगचे टूलबार पहिल्यापासून उघडे असतात, त्यामुळे ते साधन 'शोधावे' लागतच नाही. याखेरीज तीन-चार साधने एकामागून एक चालवायची असतील तर त्यांचे मॉडेल करून ते प्रकल्पाच्या फाइलमध्येच जतन करता येते. फाइल ज्याच्याकडे जाईल त्याच्या टूलबॉक्समध्ये ते मॉडेल दिसते. मी मॉडेलला साधनाचे नाव देत नाही, कामाचे देते: 'गटांवरून गावाची हद्द'. पुढे कधीतरी तो माणूस मॉडेल उघडून पाहतो आणि आत डिझॉल्व्ह आहे हे त्याला समजते, मग ते तो इतर ठिकाणीही वापरू लागतो.

आणखी एक छोटी सोय ३.२० मध्ये आली, लेयरवर टिपण ठेवण्याची. लेयरवर उजवी टिचकी मारून टिपण लिहिले की नावाशेजारी एक चिन्ह उमटते आणि त्यावर माउस नेला की मजकूर दिसतो. बहुतेक जण तिचा उपयोग माहितीचा स्रोत लिहायला करतात, आणि तो केलाच पाहिजे. मी त्याखाली एक ओळ वाढवते. गटांच्या लेयरवर लिहिते, "नवा गट आखण्यापूर्वी एस आणि टी दाबा, आखून झाल्यावर टोपोलॉजी चेकरने फटी तपासा." विहिरींच्या लेयरवर लिहिते, "गावनिहाय मोजणी हवी असल्यास टूलबॉक्समध्ये काउंट पॉइंट्स इन पॉलिगॉन पाहा." ज्या लेयरवर हात आहे त्याच लेयरवर, त्याच वेळी वाचायला मिळालेली ही ओळ लोक पाळतात, असा माझा अनुभव आहे.

गावनिहाय नकाशे छापायची वेळ आली की ॲटलासची गोष्ट निघतेच. एकच मांडणी करून तालुक्यातल्या प्रत्येक गावाचे वेगळे पान आपोआप काढून देणारी ही सोय लेआउटच्या, म्हणजे छापायचे पान मांडण्याच्या, खिडकीत आहे, आणि तरीही शंभर गावांसाठी शंभर वेळा नकाशा सरकवून, शीर्षक बदलून, फाइल जतन करणारी मंडळी मला भेटतात. त्यांच्यासाठी मी आता एक रिकामा नमुना-प्रकल्प तयार ठेवला आहे. त्यात ॲटलास जोडलेला आहे, शीर्षकाच्या जागी गावाच्या नावाचा रकाना लावलेला आहे, आणि गावांच्या लेयरवर टिपण आहे: "इथे आपल्या तालुक्याचा लेयर लावा, मग लेआउट उघडून ॲटलासचा पूर्वावलोकन पर्याय चालू करा." ज्यांना हा प्रकल्प, वर सांगितलेले प्रोफाइल किंवा मॉडेल हवे असेल त्यांनी जरूर मागावे. त्याबरोबर एखादे साधन शोधताना आपण पहिल्यांदा कोणता शब्द टाकला होता तेही लिहून पाठवावे; तो शब्द मी साधनाच्या नावासह गिटहबवर कळवीन.